चमचाभर पेंढा

गुरुवारी सकाळी आठ वाजता शुभदाताई खांबेटे ओट्यापाशी हताश उभ्या होत्या. समोर घासूनपुसून लख्ख केलेले दोन परके डबे होते आणि घरात साखरेचा कण नव्हता.

मागच्या पंधरवड्यात त्यांचा गुडघा मुरगळला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची कृतिका आणि समोरच्या फ्लॅटमधल्या वैशालीताई या दोघींनी दहा दिवस आळीपाळीने जेवणाचे डबे पाठवले होते. आता गुडघा बरा झाला, म्हणजे डबे परत करायला हवेत. आणि डबा काही रिकामा परत करायचा नसतो, निदान त्यात साखर तरी घालायची. हे शुभदाताईंना त्यांच्या आईने सांगितलं होतं आणि शुभदाताईंनी मुख्याध्यापिका असताना डोंबिवलीतल्या निम्म्या मुलींना सांगितलं होतं. पण नवऱ्याच्या, म्हणजे त्र्यंबकरावांच्या, रक्तात साखर निघाली आणि सुनेने घरातल्या साखरेला घराबाहेर काढलं.

सून म्हणजे नीरजा. फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. चांगली बिस्किटांच्या कारखान्यातली नोकरी सोडून गेलं वर्षभर ती मागच्या खोलीत भाताचा पेंढा शिजवत होती. पेंढा यायचा तळमजल्यावरच्या काळुरामशेठकडून. ही अख्खी इमारत त्यांच्याच जमिनीवर उभी होती आणि उरलेल्या एका तुकड्यात ते निव्वळ हौसेपोटी भात लावायचे. कापणीनंतर जो पेंढा लोक गुरांना घालतात नाहीतर जाळून टाकतात, त्यातून नीरजा एक बारीक पांढरट पावडर काढायची. ती म्हणे माणसाला पचत नाही, पण आतड्यातले चांगले जिवाणू ती आवडीने खातात आणि मग माणसाचं पोट सुधारतं.

"म्हणजे खायचं आपण, आणि जेवायचं दुसऱ्यांनी?" शुभदाताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"हो ना आई. आतल्या पाहुण्यांसाठी."

"आमच्या वेळी पाहुणे दाराने यायचे." इतकं बोलून शुभदाताईंनी त्या विषयात लक्ष घालणं सोडून दिलं. सून हुशार आहे, हे त्यांना मान्य होतं. आपल्या भाचीला फोनवर त्या कौतुकाने सांगायच्याही. फक्त सुनेला सांगायचं राहून जायचं.

तर त्या सकाळी ओट्याच्या कोपऱ्यात त्यांना एक मोठा स्टीलचा डबा दिसला. उघडून पाहतात तो आत पिठीसाखर! चिमूटभर जिभेवर ठेवली. गोड होती, पण फार नाही. 'बेताची गोड साखर आणलीय वाटतं यांच्यासाठी,' शुभदाताईंच्या मनात आलं आणि सुनेबद्दल माया दाटून आली. पाठोपाठ स्वतःबद्दलही दाटून आली, कारण घरात गोड असं काहीच कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. मग कोमट दुधात चार चमचे घालून त्या ते प्यायल्या, छान लागलं. कृतिकाच्या छोट्या डब्यात त्यांनी मावेल तेवढी भरली आणि उरलेली सगळी वैशालीताईंच्या मोठ्या डब्यात. दहा दिवस जेवू घातलंय पोरींनी, तिथे मुठीने काय मोजायचं?

"अहो, एवढे डबे देऊन या."

त्र्यंबकराव निवृत्तीनंतर कामासाठी आसुसलेले होते. त्यांनी शर्ट बदलला, केस विंचरले आणि दोन डबे पाच मिनिटांत पोचवून ते युद्ध जिंकल्यासारखे परत आले.

दीड वाजता नीरजाचा ठाण्याहून फोन आला.

"आई! गुड न्यूज! मैथिली मॅडम तयार झाल्या! कंपनीच्या त्याच सगळं ठरवतात. आज चार वाजता त्या स्वतः आपल्याकडे येतायत. पावडर बघणार, खाऊन बघणार आणि आवडली तर त्यांच्या सगळ्या नाश्त्याच्या पिठांत घालणार. आई, एक वर्ष झालं याला. आज नाही झालं तर मी खरंच पुन्हा बिस्किटं मोजायला जाणारे."

"हो गं, होईल होईल. मग मी काय करू? पोहे टाकू?"

"काहीच नको. फक्त ओट्यावरचा तो मोठा स्टीलचा डबा जपा. रात्री पिशवी फाटली म्हणून मी त्यात काढून ठेवलीय. अर्धा किलोच आहे, तीन आठवडे लागले बनवायला. आणि बाबांना हात लावू देऊ नका हं. तपासून आलेली आहे, अपाय काही नाही, पण सवय नसताना एक चमच्याच्या वर गेली ना, की चार ते सहा तासांत पोटात नुसता बँड वाजतो!"

शुभदाताईंनी घड्याळ पाहिलं. आठ ते दीड. साडेपाच तास झाले होते. आणि तेवढ्यात, जणू वेळापत्रक लावल्यासारखा, स्वयंपाकघरात एक स्पष्ट आवाज झाला.

शुभदाताईंनी सवयीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो! निदान बाल्कनीत तरी जायचं."

"मी काही केलं नाही."

"मग काय मी केलं?"

त्र्यंबकरावांनी या शक्यतेचा क्षणभर विचार केला. लग्न झाल्यापासून या घरात असा कुठलाही आवाज झाला की तो त्यांच्याच नावावर लागायचा, हा नियम होता. "सॉरी," ते म्हणाले आणि बाल्कनीत गेले.

आता दिलेली साखर परत कशी मागायची? याच विचारात तीन वाजले. डब्यातून दिलेली वस्तू परत मागणारी बाई शुभदाताईंनी जन्मात पाहिली नव्हती. पण सुनेचं वर्षभराचं कष्टाचं काम डोळ्यांसमोर होतं. त्यांनी रिकामा स्टीलचा डबा पदराखाली घेतला आणि लिफ्टची वाट न पाहता जिना चढल्या. लिफ्टमध्ये त्यांना कुणी बरोबर नको होतं.

कृतिकाने दार उघडलं ते पोट धरूनच. ती घरून काम करणारी मुलगी. वरती फॉर्मल शर्ट आणि खाली चौकड्यांची पँट.

"काकू, आज मी मेले! दहाला कोल्ड कॉफी केलेली, तुमच्या त्या साखरेची. गोड लागेचना म्हणून घालत गेले. आता क्लायंटबरोबर व्हिडिओ कॉल चालूए आणि पोटात काय चाललंय काय माहीत!"

"डब्यातली किती उरलीय गं?"

"दोनेक चमचे असेल. का?"

"ती... मुंग्या झाल्यात त्या साखरेला. दे, मी बदलून देते."

"मी मुंग्या खाल्ल्या?" कृतिका किंचाळली. त्या किंचाळण्याच्या जोरावर बाकीचंही जे व्हायचं ते झालं. आतल्या खोलीतून लॅपटॉपमधून एक परदेशी गृहस्थ अदबीने काहीतरी म्हणाले. कृतिकाचा चेहरा पांढरा पडला.

"काकू, मी म्यूट केलेलं नाहीये. आणि ज्याचा आवाज येतो ना, त्याचा चेहरा सगळ्यांच्या स्क्रीनवर मोठा होतो!"

शुभदाताईंनी दोन चमचे पावडर डब्यात पाडून घेतली आणि तिथून सटकल्या. जिन्यात त्या एकट्याच होत्या, पण जिन्याला घुमण्याची खोड होती. दुसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याने उत्तर दिलं.

वैशालीताईंकडे पेटीचे सूर चालू होते. रविवारी महिला मंडळाचा कार्यक्रम होता, म्हणून अकरापासून सहा जणी समूहगीताची तालीम करत होत्या. शुभदाताई आत गेल्या तेव्हा सहाही जणी टिपेला गेल्या होत्या आणि कुणीच खाली यायला तयार नव्हती.

"शुभदाताई, आज यांना झालंय तरी काय!" वैशालीताई पेटी सोडून उठल्या. "जरा हळू म्हणा म्हटलं की घाबरतात. मोठ्यानेच गातायत. आणि मधल्या जागा कुणी मोकळ्या सोडतच नाही."

शुभदाताईंना त्याचं कारण स्वच्छ कळलं. कोपऱ्यात सरबताचं रिकामं पातेलं होतं.

"साखर... माझी घातलीत सरबतात?"

"निम्मी घातली. छान विरघळली हो, गाठ म्हणून नाही."

"आणि निम्मी?" शुभदाताईंनी घाईने पदराखालचा डबा बाहेर काढला.

"अहो, काळुरामशेठच्या कमळाबाईंचा डबा राहिला होता माझ्याकडे. परवा तांदळाच्या भाकऱ्या दिल्या होत्या त्यांनी. रिकामा कसा द्यायचा? तुमचीच विद्यार्थिनी आहे मी." वैशालीताई अभिमानाने म्हणाल्या.

आपल्या शिकवणुकीचा शुभदाताईंना आयुष्यात पहिल्यांदाच संताप आला. पण तो व्यक्त करायला त्या थांबल्या नाहीत, कारण पोटात पुढची गाडी फलाटाला लागत होती.

तळमजल्यावर काळुरामशेठच्या हॉलमध्ये पंधरा-सोळा पुरुष दोन भिंतींना टेकून बसले होते. एका बाजूला काळुरामशेठ आणि त्यांची मंडळी, दुसऱ्या बाजूला पुतण्या दिपेश आणि त्याची. गावदेवीच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून काका-पुतण्यांनी सात वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आज गावातल्या जाणत्यांनी दोघांना कसंबसं एकत्र बसवलं होतं. शुभदाताई दारातूनच कमळाबाईंना शोधत स्वयंपाकघरात शिरल्या.

"कमळाबाई, वैशालीने साखर दिली होती ना सकाळी?"

"दिली ना. बैठकीचे चायला टाकली सगली," कमळाबाई म्हणाल्या. "गोड नाय झाली, म्हनून दुसरे टायमाला दुप्पट टाकली. पन बाय, काय तरी इपरीत चाललाय. बाहेर कान दे जरा."

बाहेर शांतता होती. मग त्या शांततेत एका भिंतीकडून आवाज झाला. लगेच दुसऱ्या भिंतीकडून त्याहून मोठा.

"बघा, बघा!" दिपेश ताडकन उठला. "काका, मी मानाने आलेलो इथे! आणि तुमची माणसं भर बैठकीत आमची इज्जत काढतायत!"

"आमचा मानूस नाय तो!" काळुरामशेठ गरजले. "तुजेच बाजूशी आला. दुपारपासना मी ऐकतंय. तुना बैठक मोडाची हाय, सरल बोल ना तसा!"

शुभदाताई बाहेर येऊन हॉलच्या कडेला खाली बसल्या. अर्धा किलोपैकी दोन चमचे हाती होते. सुनेचं काम बुडालं होतं, कृतिकाची नोकरी डळमळीत होती, मंडळाचं समूहगीत संपलं होतं आणि आता गावदेवीची पालखीही त्यांच्यामुळे अडणार होती. हे सगळं चार वाजायच्या आत. आणि घड्याळात चार वाजत होते.

"आई! तुम्ही इथे?"

दारात नीरजा उभी होती आणि तिच्याशेजारी खांद्याला लॅपटॉपची बॅग लावलेल्या मैथिली मॅडम. मागून त्र्यंबकराव डोकावत होते. बाल्कनीतून त्यांनी बायकोला खाली काळुरामशेठकडे शिरताना पाहिलं होतं आणि दोघींना थेट इथेच आणून सोडलं होतं.

शुभदाताईंनी डबा पुढे केला. नीरजाने झाकण उघडलं. आत पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"आई, बाकीची?"

"वाटली," शुभदाताई पुटपुटल्या. "साखर समजून. कृतिकाला, वैशालीला... आणि वैशालीने इकडे. या सगळ्यांच्या पोटात आहे गं ती आता."

 नीरजा ओरडली असती तर शुभदाताईंना बरं वाटलं असतं. ती डब्यातली ती दोन चमचे पावडर बोटाने एका बाजूला गोळा करायला लागली. शुभदाताईंच्या पोटात पहिल्यांदाच वायूखेरीज काहीतरी हललं.

पण मैथिली मॅडमचे डोळे मात्र चमकले. "एक मिनिट. अर्धा किलो? पंचवीसेक माणसांनी? आणि आपण काय खातोय हे माहीत नसताना? हे असं करायचं नसतं हं, पण आता खाल्लंच आहे, तर मी विचारू शकते ना?"

एव्हाना मुंग्यांचा जाब विचारायला कृतिका आणि सरबताचा जाब विचारायला वैशालीताई आपल्या सहा जणींसह तिथे येऊन पोचल्या होत्या. मॅडमनी लॅपटॉप उघडला आणि थोडक्यात सगळं सांगितलं.

"म्हनजे," काळुरामशेठ सावकाश म्हणाले, "आमचाच पेंढा आमाला चारला?"

"हो, पण खाण्यालायक आहे, तशी चाचणी झालीय," मॅडम म्हणाल्या. "मला फक्त खरं सांगा. कुणाला पोटाचा काही त्रास? गुबारा, गुरगुर, वायू?"

हॉलमध्ये बायकापुरुष मिळून तीसेक माणसं होती. सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

"छे छे!" वैशालीताई म्हणाल्या. "आमची तालीम अगदी स्वस्थ चाललीय."

"मला तर काहीच नाही," कृतिका म्हणाली आणि पाय घट्ट जुळवून उभी राहिली.

"आमचेतला कोन नाय," काळुरामशेठ म्हणाले. "तेंना इचार."

"आमच्याकडे तसली पद्धत नाही," दिपेश म्हणाला. "त्यांना विचारा."

शुभदाताईंनी सुटकेचा निःश्वास सोडला, अर्थात तोंडाने. कुणी तक्रार केली नव्हती. सुनेच्या पावडरीवर बालंट आलं नव्हतं. डोंबिवलीची माणसं सभ्य, याचा त्यांना अभिमान वाटला.

मैथिली मॅडमनी मात्र लॅपटॉप मिटला.

"सॉरी, नीरजा. माझी निराशा झाली. इतकी पावडर आणि कुणालाच काही नाही? आतल्या जिवाणूंनी ही खाल्ली असती तर थोडा तरी वायू झालाच असता. पहिल्यांदा, एवढ्या प्रमाणात, तो व्हायलाच हवा. तीच तर खूण असते. काहीच होत नाही म्हणजे ही कामच करत नाहीये. नुसती पेंढ्याची भुकटी आहे." त्यांनी बॅग खांद्याला लावली. "मी निघते."

"मॅडम, असं कसं होईल," नीरजा त्यांच्या मागे जात म्हणाली.  "कुणीतरी असेल ना... प्लीज, कुणीतरी सांगा ना."

सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने बोलावं.

शुभदाताईंनी सुनेकडे पाहिलं. वर्षभर त्या मागच्या खोलीत वाफेने लाल झालेला तो चेहरा. आपण तिला एकदाही शाबासकी दिली नाही, हे त्यांना फार आत कुठेतरी टोचलं. त्यांनी पदर सारखा केला, गुडघ्यावर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि शाळेत प्रार्थनेच्या वेळी लावायच्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"थांबा. मला होतोय."

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"काय होतोय?" मॅडमनी विचारलं.

"वायू. दुपारी दीड वाजल्यापासून. सतत. घरात, जिन्यात, वैशालीच्या दारात आणि काळुरामशेठच्या स्वयंपाकघरात. दुसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याने भुंकून उत्तर दिलं ते मलाच. माझ्या सुनेची पावडर उत्तम काम करते."

त्र्यंबकराव भिंतीला टेकले. "म्हणजे दुपारी ते तू... म्हणजे इतकी वर्षं..." त्यांचे डोळे भरून आले. "शुभदा, मी बाल्कनीत दोन तास उभा होतो गं!"

"मागाहून बोलू," शुभदाताई म्हणाल्या.

"मास्तरीनबाय बोलली, तं मी बी बोलतो," काळुरामशेठ उठले आणि त्यांनी छाती पुढे काढली. "दोन वाजल्याशी मी येकटाच वाजतंय! दिपेश, पोरा, तुजा काय दोष नाय."

दिपेशने काकांकडे पाहिलं. त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "काका, दुसरा आवाज माझाच होता."

"मोठा होता रं!"

"तुमचाच पुतण्या ना."

एवढं झाल्यावर कोण कुणाला आवरणार? आधी कमळाबाई पदरात तोंड घालून हसल्या, मग दोन्ही भिंती कोसळल्यासारख्या हसत सुटल्या. आणि पोट गदगदून हसण्याचे जे परिणाम त्या दिवशी त्या पोटांवर व्हायचे होते, ते सगळे झाले. कुणी कुणाचं नाव घेईना, सगळे आपलंच नाव घेऊ लागले. "माझा, माझा!" समूहगीतवाल्यांनी तर सहा जणींच्या वतीने सामुदायिक कबुली दिली. दिपेश काकांच्या गळ्यात पडला आणि 'पहिला खांदा तुमचा', 'नाय रं, तुजा' असा सात वर्षांचा वाद उलट्या बाजूने सुरू झाला. नीरजा सासूला मिठी मारून एकाच वेळी रडत आणि हसत होती. शुभदाताई तिला थोपटत होत्या, फार जोरात मिठी मारू नकोस असंही सांगत होत्या.

मैथिली मॅडम खाली मांडी घालून बसल्या होत्या आणि लॅपटॉप पुन्हा उघडला होता.

"एकेकाने या! नाव, वय, किती खाल्ली आणि त्रास किती वेळा. नीरजा, पुढची पावडर कधी देतेस ते बोलू आपण, आधी हे पूर्ण करू. हं, पहिल्या कोण? आजी, तुम्ही."

शुभदाताई पुढे आल्या, खुर्चीत ताठ बसल्या आणि हात मांडीवर जुळवून सांगू लागल्या.

"शुभदा त्र्यंबक खांबेटे. निवृत्त मुख्याध्यापिका. वय अडुसष्ट. चार चमचे, कोमट दुधातून."

"आणि किती वेळा?"

"अकरा," शुभदाताई म्हणाल्या. मग त्यांनी हात वर करून मॅडमना थांबवलं, डोळे मिटले, आणि एका क्षणाने प्रामाणिकपणे उघडले.

"बारा लिहा."